ब्राउनश्वाइगला जाऊ का, असं विचारणाऱ्या फोंड्याच्या ताईंना

तुम्ही लिहिलंत की फर्मागुढीच्या कॉलेजातून इंजिनिअरिंग झालं, पुढे एम.टेक. केलं, आता जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठात विमान मार्गदर्शन आणि उपग्रह दिशादर्शन या विषयात पीएच.डी.ची जागा मिळतेय. नवरा आणि तिसरीतला मुलगा बरोबर नेणार आहात. जावं का?

व्हिसा, बँकेत ठेवायचे पैसे, विमा हे दूतावासाच्या पानावर सगळं आहे, ते मी लिहीत नाही. मी २००९ साली डिचोलीहून त्याच गावी, त्याच कामाला गेलो. सध्या चवथीसाठी घरी आलोय. काल माटोळी, म्हणजे गणपतीवर बांधलेली फळापानांची चौकट, उतरवली, आणि तुमचा प्रश्न वाचल्यापासून दोन रात्री नीट झोप नाही.

आधी काम. संस्था विमानतळाच्या कडेलाच आहे. माझ्या वेळी तिचं स्वतःचं संशोधनाचं विमान होतं, डोर्निअर १२८. दाबोळीला नौदलाची डोर्निअर २२८ बघत मोठा झालेला मी. तिथे तिचीच थोरली बहीण हँगरमध्ये उभी दिसली तेव्हा मला रडू आलं होतं.

बाहेरच्यांना वाटतं, विमान नेमकं कुठे आहे ते काढलं की झालं. ते जमतं. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. विमान आणि उपग्रह यांच्यामध्ये अशा नेमक्या किती लहरी बसतात ते सोडवता आलं की उत्तर सेंटिमीटरात येतं. रक्त आटतं ते दुसरीकडे. उत्तर चुकलं, तर ते चुकलंय हे वैमानिकाला वेळेत कळेल का? विमानतळावरच्या स्थानकातून सुधारणा पाठवून विमान उतरवायचं, तर पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे सर्वात कमी कडक पातळीच्या, उतरणीला ६ सेकंदांच्या आत इशारा मिळायला हवा, आणि इशारा न मिळता घातक चूक होण्याची शक्यता एका उतरणीमागे कोटीत दोन इतकीच चालते. कोटीत दोनदा होणारी गोष्ट तुम्ही प्रयोगात बघूच शकत नाही. ती सिद्ध करण्यात वर्षं जातात. याची तयारी मनात ठेवून या.

विषय अजून ठरला नसेल तर माझं ऐका, आयनांबर घ्या, म्हणजे वातावरणाचा तो वरचा विद्युतभारित थर, ज्यातून उपग्रहाचा संकेत खाली येतो. जर्मनीवरचं आयनांबर बहुतेक दिवस शांत असतं. आपल्या डोक्यावरचं तसं नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं, थुंबाचं अग्निबाण केंद्र त्यासाठीच तिथे झालं. सूर्य मावळला की या पट्ट्यात आयनांबरात बुडबुडे उठतात, आणि उपग्रहाचा संकेत थरथरतो, कधी तुटतोही. उपग्रहांवरून जीपीएसच्या सुधारणा पुरवणारी भारताची गगन प्रणाली उभी करताना आपल्या लोकांना याच आभाळाशी झगडावं लागलं. २०१५ मध्ये तिला उंचीच्या मार्गदर्शनासह उतरण्याची मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचं एटीआर विमान तिच्या आधाराने उतरलं. मी मात्र शांत आभाळावरचा विषय घेतला, कारण त्याची मोजमापं तयार होती. अवघड प्रश्न माझ्या आईच्या घरावर होता आणि मी तो सोडून गेलो. हे मला आता लागतं.

कागदपत्रांत एकच सांगतो, कारण ते तिथल्या कुणाला समजत नाही. आपल्याकडे गोव्यात लग्नासाठी आधी रजिस्ट्रारकडे सही, काही दिवसांनी दुसरी सही, आणि मांडवातलं लग्न तिसऱ्याच तारखेला. माझ्या एका अर्जावर सहीची तारीख, दुसऱ्यावर मांडवाची. तिथल्या कचेरीतल्या बाईंनी विचारलं, तुमची दोन लग्नं झालीत का? पोर्तुगीज काळापासूनचा आमचा कायदा मी मोडक्या जर्मनमध्ये समजावत बसलो. बायको आणि मुलगी सात महिने उशिरा पोचल्या. सगळीकडे नोंदणीचीच तारीख लिहा. तेच सात महिने मुलीला भाषेत कमी पडले, असा हिशेब मी आजही करतो.

एकटेपणाचं विचारलंत. डिसेंबरात दुपारी चारलाच काळोख होतो. भाषा शिका, गावातल्या एखाद्या गायनवृंदात जा. एकटेपणा जातो.

जात नाही ती शाळा. तिथे चौथी संपली की मुलांच्या वाटा वेगळ्या होतात: कुणी विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियमला, कुणी दहावीनंतर कामधंद्याकडे नेणाऱ्या रेआलशूलेला. तुमचा मुलगा नेमका त्या वळणावर पोचणार आहे. माझ्या मुलीचं गणित उत्तम होतं, जर्मन लेखन कच्चं. वर्गशिक्षिकेने पालकांना बोलावलं. दोन आठवडे ढग खाली बसले होते, आणि नेमकी त्या दुपारी हवा उघडली. विमान मिळालं होतं. माझ्या जागी सहकारी बसू शकला असता. मी त्याला विचारलंसुद्धा नाही. बायको एकटी गेली, तिची भाषा सहा महिन्यांच्या वर्गापुरती. शिक्षिका प्रेमळ होत्या, सावकाश बोलल्या, आणि बायको प्रत्येक वाक्याला ‘या, या’, म्हणजे जर्मनमध्ये ‘हो, हो’, म्हणत राहिली. मुलगी रेआलशूलेला गेली. संध्याकाळी मी खुशीत घरी आलो, उड्डाण सुरेख झालं होतं. त्याचा आलेख माझ्या प्रबंधात आहे, पाऊण पान.

दोन वर्षांनी शेजारच्या तुर्की बाईंकडून कळलं की शाळेचं मत हा नुसता सल्ला असतो. त्या राज्यात शेवटचा निर्णय आईबापांचा. आम्हाला कुणी फसवलं नव्हतं, घरी आलेल्या कागदावर ते छापलेलं होतं. मी तो कागद वाचला नव्हता. विमानातल्या प्रत्येक यंत्राचं माहितीपत्रक मी अक्षरन् अक्षर वाचलं होतं.

मुलगी आज श्रवणयंत्रं बसवण्याचं काम करते. म्हाताऱ्या माणसांना ती आवडते, कमावते, सुखी आहे. मी विषय काढला की म्हणते, “बाबा, बंद कर आता.” तिचं बरोबर असेल. पण काल आरतीच्या वेळी माझा भाचा बारावीचे मार्क सांगत होता आणि मी उठून अंगणात गेलो.

तुम्ही जा. जागा चांगली आहे, काम खरं आहे, आणि आयनांबराचं काम इथलं माणूस अधिक जीव लावून करील. फक्त मुलाच्या शाळेतल्या त्या बैठकीची तारीख आली की मला कळवा. मी ब्राउनश्वाइगमध्येच असतो. तुम्ही आणि तुमचे यजमान दोघंही जा, आणि भाषेसाठी मी बरोबर येऊन बसेन. त्या दिवशी हवा कितीही चांगली असली तरी उड्डाण दुसऱ्याला द्या.