चार दिवस फोन येत नाही तेव्हा काय शिजवायचं

तुझा प्रश्न काल रात्री वाचला. दोन ओळींत उत्तर देण्यासारखा नव्हता, म्हणून आज सवडीने बसले. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तू २६ वर्षांची, नोकरीसाठी साताऱ्यात खोली घेऊन एकटी राहतेस. चार महिन्यांपासून पुण्याच्या एका मुलाला भेटतेस. आठवडाभर रोज फोन, मग चार-चार दिवस एक शब्द नाही. त्या दिवसांत घास उतरत नाही, चहा-बिस्किटांवर झोपतेस. तुला एका शेगडीवर होणारं, पोटाला हलकं असं भाज्यांचं सूप हवंय. आणि येत्या रविवारी तो येणार आहे, तर त्याच्यासाठी करू का, असंही विचारलं आहेस.

आधी सूप, कारण तुला आज रात्री जेवायचं आहे.

राजवाड्याजवळच्या मंडईत जा आणि पाव किलो डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची, कापलेली फोड घे. आतून गडद केशरी असलेली बघ, फिकट निघाली तर सूपला चव येत नाही. महाबळेश्वरकडची बारीक गाजरं दिसली तर दोन घे. घरी अर्धा कांदा, दोन लसूण पाकळ्या आणि चमचाभर तांदूळ असला की झालं. तांदूळ दाटपणासाठी. कॉर्नफ्लोअरचा चिकटपणा मला कधीच आवडला नाही, आणि तांदळाने पोटाला आधारही मिळतो.

छोट्या कुकरमध्ये चमचाभर तूप घाल, कांदा बारीक चिरून टाक, लगेच चिमूटभर मीठ घाल. मिठाने कांद्याला पाणी सुटतं आणि तो लाल न होता मऊ पडतो. आच अगदी मंद ठेव, वर ताटली झाक, सात-आठ मिनिटं लागतील. ही मिनिटं कमी करू नकोस, सूपची गोडी इथेच येते. लसूण शेवटच्या मिनिटाला घाल. तो करपला तर सरळ काढून टाक आणि दुसरा घे, कारण करपल्या लसणाचा कडूपणा सगळ्या पातेल्यात उतरतो. मग डांगर, गाजर, धुतलेले तांदूळ आणि अडीच वाट्या पाणी घालून तीन शिट्ट्या कर. कुकर निवला की रवीने घुसळ. डांगर इतकं मऊ होतं की मिक्सर लागतच नाही. मिक्सर वापरायचाच असेल तर सूप चांगलं गार होऊ दे आणि भांडं अर्धंच भर. गरम सूप फिरवलं की वाफ झाकण उडवते. माझं मनगट एकदा त्यात भाजलं आहे. शेवटी मिरपूड, लिंबू आणि चमचाभर तुपात तडतडलेलं जिरं.

पाण्याऐवजी भाज्यांचा अर्क वापरलास तर फारच छान. कोथिंबिरीच्या काड्या, गाजराची टोकं, मटारची टरफलं असं जे जमेल ते वीस मिनिटं उकळून गाळून घे. कोबी-फ्लॉवरचे दांडे त्यात टाकू नकोस, फार वेळ उकळले की उग्र वास येतो.

दुधीचंही असंच होतं. फक्त चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघायचा. कडू लागला तर थुंकायचं आणि तो दुधी अख्खा फेकून द्यायचा. कडू दुधीने माणूस खरोखर आजारी पडतो, दहा-वीस रुपयांकडे बघू नये. शेवग्याच्या शेंगा उकडून, गर खरवडून, गाळणीतून काढल्या तर तेही सूप सुरेख होतं, पण त्याला वेळ लागतो, रविवारच्या दुपारी करावं.

आणि सूप म्हणजे काही नवं शिकायचं आहे असं समजू नकोस. मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं माडगं, हे सगळं आपल्या घरांत आहेच. माडग्याबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचं आहे.

मी २९ वर्षांची होते, शाहूपुरीत दोन खोल्यांत राहत होते. माझंही तुझ्यासारखंच चाललं होतं. तोही पुण्याचा, तोही आठ दिवस भरभरून बोलणारा आणि मग नाहीसा होणारा. एका शनिवारी तो जेवायला येणार होता. मी मशरूमचं सूप केलं, क्रीमचं पाकीट आणलं, नवे दोन बाऊल आणले. स्वतःसाठी मी तोवर कधी पोहे सोडून काही केलं नव्हतं, हे त्या दिवशी लक्षातही आलं नाही. रात्री साडेआठला त्याचा निरोप आला, आज जमत नाही. मी ते पातेलं मोरीत ओतलं. घोटभरही प्यायले नाही. ते ओतताना वर तरंगलेली साय भोकापाशी अडकून राहिली होती, ती मला अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. जुलै होता, साताऱ्याचा पाऊस तुला माहीत आहे, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले. खालच्या मजल्यावर माण तालुक्यातल्या एक काकू राहायच्या. त्या वर आल्या, माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. खाली जाऊन पितळी डब्यातून हुलग्याचं पीठ घेऊन आल्या. हुलगे आधी भाजून मग दळलेले, त्यामुळे डबा उघडला तरी खमंग वास सुटायचा. तीन चमचे पीठ त्यांनी वाटीभर गार पाण्यात बोटांनी कालवलं. एक गुठळी राहिली तर ती बोटावर घेऊन वाटीच्या कडेला दाबून फोडायच्या. तीन वाट्या पाणी उकळायला ठेवलं, त्यात जिरं, मीठ, ठेचलेला लसूण. मग एका हाताने धार धरली आणि दुसऱ्या हाताने पळी फिरवत राहिल्या. दहा मिनिटं तरी त्या पळी सोडून हलल्या नाहीत. दोन वाट्या भरल्या, एक माझ्या हातात दिली आणि एक घेऊन माझ्यासमोर फरशीवर बसल्या.

"गूळ घालून करतेत आमच्याकडं," म्हणाल्या, "पण तापात तोंडाला खारट बरं. पी गं बाई, निवतंय."

दोन दिवसांत पोटात गेलेलं ते पहिलं गरम अन्न. घाम आला, झोप लागली. उठल्यावर तो माणूस तसाच होता, माझी परिस्थितीही तशीच होती, पण हात थरथरायचे थांबले होते. तेव्हा कळलं की दोन दिवस जे दुःख म्हणून सोसत होते त्यातला बराचसा भाग भूक होती. उपाशीपोटी रात्री साडेअकराला मी त्याला लिहिलेला एकही मेसेज सकाळी वाचवत नसे. जेवून लिहिलेले वाचवत.

म्हणून तुला सांगते, कांदा परतताना फोन पर्समध्ये टाक आणि पर्स खुंटीला अडकव. पातेल्याकडे लक्ष द्यायला दोन्ही हात आणि दोन्ही डोळे लागतातच. सूप झालं की चांगल्या वाटीत घे, पातेल्यातून उभ्याने पिऊ नकोस. सोबत अर्धी ज्वारीची भाकरी चुरून घातलीस तर ते पूर्ण जेवण आहे. सलग चार दिवस डांगराचा कंटाळा येईल, तेव्हा मध्ये कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, राजम्यासारखं कडधान्य, आण. रात्रभर भिजव, ते पाणी फेकून दे आणि कुकरला अगदी मऊ शिजव. तो अर्धाकच्चा राहिला तर पोट बिघडतं. अर्धा घेवडा घोटून त्याच्याच पाण्यात मिसळलास की दाट, भरीव सूप होतं. त्यावर एक रात्र सहज निघते.

आता रविवार. त्याच्यासाठी कर, जरूर कर. प्रेमाने कुणाला वाढणं यात कमीपणा नाही, आणि तुला तो आवडतो हे लपवायची गरज नाही. पण नवी पाककृती, नवे बाऊल, क्रीम असं काही नको. या आठवड्यात तू स्वतःसाठी जे सूप केलंस तेच, दोन माणसांच्या मापाने. जेवण झाल्यावर त्याला सरळ विचार की ते चार दिवस काय होतं. रडून नाही, टोमणा मारून नाही. तुझे ते दिवस कसे जातात तेही सांग, बिस्किटांसकट. काही माणसं फोनवर गप्प होतात आणि समोर नीट बोलतात. माझा नवरा तसा आहे, पण गप्प होण्याआधी तो सांगतो की आता दोन दिवस कामात आहे. तो मशरूमवाला कधीच सांगत नसे. माझ्या मते दोघांतला फरक एवढाच होता आणि तो पुरेसा होता.

स्वारगेट ते सातारा विनाथांबा गाडीला अडीच-तीन तास धर, पावसात खंबाटकीला वेळ जातो. तेवढी सूट त्याला दे. पण आठ वाजले की तू जेव. तो आला तर गरम करून त्याला वाढ. नाही आला तर त्याच्या वाट्याचं डब्यात भरून घरमालकीणबाईंच्या फ्रीजमध्ये ठेव. लिंबू तेवढं आधी घालू नकोस, आयत्या वेळी पिळ. सोमवारी ऑफिसला डबा होईल.