इंग्रजीतलं ‘ॲक्च्युअली’ इटालियनमध्ये कसं म्हणायचं?

आधी हे टाळा: ‘आत्तुआल्मेन्ते’. दिसायला जुळं भावंड, पण अर्थ ‘सध्या’.

समोरच्याचा गैरसमज दूर करायचा तर ‘इन रेआल्ता’: ‘इन रेआल्ता ए स्पान्योलो’, म्हणजे खरं तर तो स्पॅनिश आहे. नकार जरा मऊ करायचा असेल तर वाक्याच्या सुरुवातीला ‘वेरामेन्ते’: ‘वेरामेन्ते नोन पोस्सो’, खरं म्हणजे मला जमणार नाही. नुसता प्रश्न म्हणून विचारला की तोच शब्द ‘खरंच?’ होतो, तिथे ‘दाव्वेरो?’ जास्त ऐकू येतं. स्वतःचंच बोलणं बदललं तर ‘आन्त्सी’: ‘उन काफ्फे... आन्त्सी, दुए’, एक कॉफी... नको, दोन द्या. ‘बरोबर आहे की’ अशा कबुलीला ‘इन एफ्फेत्ती’. इंग्रजीत तो नुसता तोंडात बसलेला शब्द असेल, तर सरळ गाळा.