‘कोणाला सांगू नका, पण प्रार्थना करा’

‘मॅडम, चर्चला गेलं नाही तर मी ख्रिस्ती राहत नाही का?’

हा प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतोच. बहुतेकदा तरुण मुलं विचारतात आणि त्यांना वाद घालायचा असतो. या बाईंच्या आवाजात वाद नव्हता, थकवा होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, नगरला नर्स. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, मीही तेच म्हणते.

आठ महिने त्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेला, गेल्या नव्हत्या. सकाळी पोळ्या लाटताना मोबाइलवर एका पाळकांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) प्रवचन, नाइट ड्युटीवरून परतताना कानात दुसऱ्यांचं. ‘देव माझ्या स्वयंपाकघरातही आहेच की.’

आहेच. पण मी तेव्हा चूक केली. बायबलमधलं इब्री 10:25 हे वचन काढलं, एकत्र मिळणं सोडू नका म्हणून. सिस्टर गप्प झाल्या, पर्स उचलली. वचन खरं होतं, वेळ खोटी होती. आधी विचारायला हवं होतं, की जाणं थांबलं कशामुळे.

दुसऱ्या भेटीत ते कळलं. नवरा पितो. वीस वर्षं त्यांनी झाकलं. एका बुधवारी कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे कोणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, प्रार्थनेचे विषय विचारले आणि त्यांना रडू फुटलं. सगळं बोलून गेल्या. रविवारी चर्चच्या पायरीवर एका बाईंनी हात दाबला, ‘तुमच्या मिस्टरांसाठी प्रार्थना करतोय हं आम्ही.’ बुधवारी त्या बाई तिथे नव्हत्याच.

‘कोणाला सांगू नका, पण प्रार्थना करा’ या वाक्यानं आमच्या मंडळ्यांत जितक्या बातम्या फिरल्या, तितक्या व्हॉट्सअॅपनंही फिरवल्या नसतील. याला एक कारण आहे. अमेरिकन मराठी मिशननं 1831 मध्ये नगरला काम सुरू केलं. त्या काळी ख्रिस्ती झालेल्या अनेकांना घर आणि जात दोन्ही तुटत. 1895 मध्ये कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षं त्यांच्यापासून दूरच होत्या. ज्यांचं गणगोत सुटलं त्यांना मंडळीच गणगोत झाली. मराठीत ‘घरची मंडळी’ म्हणतातच ना. मिशन कंपाउंडात भिंतीला भिंत लागून संसार झाले, एकमेकांत सोयरिकी झाल्या. अडीअडचणीला सगळे धावतात ते त्यामुळेच, आणि कोणाच्या घरात काय चाललंय हे सगळ्यांना कळतं तेही त्यामुळेच. सिस्टरांना यातलं पहिलं हवं होतं, दुसरं नको होतं. त्यात चूक काहीच नाही.

मी विचारलं, ‘या आठ महिन्यांत तुमची जागा रिकामी आहे हे कोणाच्या लक्षात आलं?’

बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, ‘आजींच्या.’ बाकावर शेजारी बसणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई. उपासना संपली की सिस्टर त्यांचं बीपी बघायच्या. आजींनी नातवाला दोनदा पाठवलं होतं, यांनी ‘ड्युटी आहे’ सांगून परत लावलं. ‘आता त्यांचं बीपी कोण बघत असेल हो?’ असं म्हणून त्या स्वतःच रडल्या. मला नवऱ्याचं सांगतानाही रडल्या नव्हत्या.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, पक्षाघाती माणसाची बाज चौघं जण उचलून आणतात, गर्दीमुळे छप्पर उस्तरून खाली सोडतात. तिथे लिहिलंय, येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाच्या तोंडी एक शब्दही नाही. मी सिस्टरांना म्हटलं, स्वतःची प्रार्थना सुचत नाही अशा दिवसांत बाजेला हात लावणारं कोणी लागतं. मोबाइलवरचे पाळक चांगलं बोलतात, पण तुमची नाइट कधी आहे हे त्यांना ठाऊक नसतं. आणि प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत उपासनेत सगळे मिळून घेतात तो, प्याला स्क्रीनमधून हातात येत नाही.

परत जा असं मात्र मी म्हटलं नाही. जिथे पाळकच त्रास देतो, तिथून लोकांना बाहेर पडायला मी स्वतः मदत केली आहे. इथे तसं नव्हतं. ठरलं ते एवढंच: आधी आजींच्या घरी जायचं, बीपीचं मशीन घेऊन. घरातलं सगळं एकाच विश्वासू माणसाला सांगायचं, सभेत फक्त ‘माझ्या घरासाठी प्रार्थना करा’ म्हणायचं. कोणी खोदून विचारलं तर ‘देवाला माहीत आहे’ म्हणून हसायचं. नवऱ्याच्या दारूवर वेगळा इलाज हवा. त्यासाठी व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला. तो अजून गेलेला नाही.

सिस्टरांनी पाळकांनाही गाठलं आणि बुधवारचं बुधवारीच राहिलं पाहिजे असं स्पष्ट सांगितलं. पुढच्या सभेत पाळकांनी ते सगळ्यांना बजावलं. पायरीवरच्या बाईंनी माफी वगैरे मागितली नाही. सिस्टर त्यांना सलाम करतात आणि पुढे जातात.

परवा फोन आला. एका रविवारी नाइट करून त्या झोपल्या होत्या, चर्चला गेल्या नाहीत. दुपारी दारावर थापा. आजींचा नातू आणि महिला मंडळाच्या दोघी, हातात डबा. ‘आजारी आहात का?’

‘काय सांगू मॅडम, पार झोपमोड केली,’ सिस्टर म्हणाल्या आणि किती तरी वेळ हसत राहिल्या.