म्युनिक की माग्डेबुर्ग? घर तारण ठेवण्याआधीचा हिशेब

प्रश्न: मुलीला जर्मनीत मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाची फी सेमिस्टरला ६,००० युरो आहे, माग्डेबुर्गच्या विद्यापीठात फी नाही. आमच्याकडे १८ लाखांच्या ठेवी आहेत. उरलेल्या रकमेसाठी राहतं घर तारण ठेवायची तयारी आहे. माग्डेबुर्ग स्वस्त आहे, पण तिथल्या बातम्या वाचून आईला धास्ती वाटते. काय करावं?

उत्तर: म्युनिकने फीमाफीचं पत्र दिलं नसेल, तर माग्डेबुर्ग निवडा आणि घर तारण ठेवू नका.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२, दाखवावे लागतात. अनेक पालक हाच मुलीचा खर्च समजतात. पण हा आकडा सगळ्या जर्मनीसाठी एकच आहे आणि भाडी शहरागणिक बदलतात. विद्यार्थ्याचा सरकारी आरोग्य विमा महिना साधारण १५० युरो. म्युनिकमध्ये शेअर्ड फ्लॅटमधली खोली ८०० च्या आसपास. ९९२ मधून हे दोन गेले की हातात चाळीसेक युरो उरतात, आणि जेवण अजून बाकी आहे. तिथे महिना १,४०० धरा. माग्डेबुर्गमध्ये अशी खोली ३०० ते ४०० मध्ये मिळते, त्यामुळे ९९२ मध्ये काटकसरीने निभतं.

युरो १०० रुपये धरून दोन वर्षांचा हिशेब असा. माग्डेबुर्गचा राहण्याचा खर्च २४ लाख. एपीएस प्रमाणपत्र (भारतातली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला), व्हिसा, विमान, डिपॉझिट मिळून आणखी तीन, एकूण २७. म्युनिकची फी २४ लाख, राहणं साडेतेहतीस, सुरुवातीचा खर्च साडेतीन, एकूण ६१. ठेवींपैकी तीन लाखांना हात लावू नका, ते घरातल्या अडीअडचणीसाठी. मग कर्ज लागेल माग्डेबुर्गसाठी १२ लाख आणि म्युनिकसाठी ४६ लाख. १० टक्के व्याजाने दहा वर्षांचा हप्ता अनुक्रमे सुमारे १५,९०० आणि ६०,८०० रुपये. शिक्षण चालू असताना चढणारं व्याज यात धरलेलं नाही. प्रबंध लांबून पाचवं सेमिस्टर लागणं काही दुर्मीळ नाही, तेव्हा सहा महिन्यांचा खर्च वर धरूनच बँकेशी बोला. रुपया घसरतो आणि ९९२ चा आकडाही वाढतो. सप्टेंबर २०२४ पूर्वी तो ९३४ होता.

‘पार्टटाइम काम करून भागवेल’ हे गणितात धरू नका. नियमाने तिला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२६ चं किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला दहा तास केले तर महिना ६०० च्या घरात जातं. पण जर्मन येत नसेल तर पहिली दोन सेमिस्टर काम मिळायला झगडावं लागतं. मिळालं तर त्यातून कर्जाचं व्याज भरत राहा.

म्युनिकच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे: बीएमडब्ल्यू, सीमेन्स, एमएएन तिथेच आहेत आणि शिकता शिकता कंपनीत काम मिळण्याची शक्यता जास्त. मात्र पदवीनंतर नोकरी शोधायला मिळणारा १८ महिन्यांचा परवाना सगळ्या जर्मनीत चालतो, तेव्हा ती म्युनिकला नंतरही जाऊ शकते. आणि एजंट ‘माग्डेबुर्गला इंटेलचा कारखाना येतोय’ म्हणाला, तर तो जुनी जाहिरात वाचतोय. इंटेलने तो प्रकल्प जुलै २०२५ मध्ये रद्द केला.

आता आईची धास्ती. दोन लाखांवर लोकसंख्येच्या जर्मन शहरांत म्युनिक वर्षानुवर्षं सर्वांत सुरक्षित गणलं जातं, हे खरंच. माग्डेबुर्गच्या नाताळ बाजारात डिसेंबर २०२४ मध्ये गाडी घालून हल्ला झाला आणि त्यानंतर परदेशी दिसणाऱ्यांवर हात उगारण्याचे प्रकार वाढले. हे झाकून सल्ला देण्यात अर्थ नाही. मात्र शहराच्या एकूण गुन्हेदरावरून फार काही ठरवू नका: फ्रँकफुर्टचा दर फुगतो, कारण विमानतळावरचे गुन्हे त्यात धरतात, पण तिथून जाणारे प्रवासी लोकसंख्येत धरत नाहीत. तुमच्या मुलीसाठी महत्त्वाचा आहे तो लॅबपासून खोलीपर्यंतचा रात्री दहाचा रस्ता. माग्डेबुर्गचं मुख्य विद्यापीठ संकुल शहराच्या मध्याला लागून आहे आणि विद्यार्थी वसतिगृहं तिथून जवळ, त्यामुळे प्रवेशपत्र हातात पडल्या दिवशीच वसतिगृहाचा अर्ज भरा. नाही मिळालं तर श्टाटफेल्ड भागात शोधा. हॅसलबाखप्लात्स हा बारचा चौक शुक्रवार-शनिवारी रात्री टाळावा. पोलिसांचा नंबर ११०, रुग्णवाहिकेचा ११२. वंशद्वेषातून त्रास झालाच तर ‘मोबिले ऑप्फरबेराटुंग’ ही संस्था माग्डेबुर्गच्या राज्यात मोफत मदत करते.

घाईत घर शोधताना पैसे बुडतात ते बहुधा एकाच पद्धतीने: घरमालक ‘परदेशात’ असतो, फोटो सुंदर, भाडं बाजाराहून कमी, आणि डिपॉझिट आल्यावर चावी कुरिअरने पाठवतो म्हणतो. खोली कोणी पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. मुलगी तिथे राहत असल्याचं लेखी पत्र घरमालक देणार का, हेही आधी विचारा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि ती या पत्राशिवाय होत नाही. नोंदणी अडली की निवास परवानाही अडतो.

पहिल्या महिन्यात हमखास एक अडचण येते. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं, शिवाय पहिलं भाडं आणि फी नसली तरी भरावी लागणारी सेमिस्टरची वर्गणी. ब्लॉक्ड अकाउंटमधून मात्र महिन्याला ९९२ च सुटतात, तेही तिथलं बँक खातं उघडल्यावर. म्हणून १,५०० ते २,००० युरो वेगळे, फॉरेक्स कार्डवर द्या. हे वर सुरुवातीच्या खर्चासाठी धरलेल्या तीन लाखांतच बसतात.

पैसे पाठवताना क्रमही सांभाळा. स्वतःच्या बचतीतून एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत पाठवले तर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच वसूल करते तो कर) लागत नाही. त्यावरच्या रकमेवर लागतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून थेट गेलेल्या रकमेवर तो नाही. ब्लॉक्ड अकाउंटला सुमारे १२ लाख लागतील, तेव्हा फॉरेक्स कार्डची रक्कम धरून बचतीतले १० लाखांच्या आत ठेवा आणि बाकीचे कर्जातून जाऊ द्या. त्यासाठी कर्जमंजुरी व्हिसाच्या तारखेआधी हातात हवी, म्हणून बँकेत अर्ज याच महिन्यात करा.