दादाशसाठी हलवा

“या देशाने मला सगळे दिले, तरी मी तिकडच्यांसाठी रडत बसते. मी कृतघ्न आहे का?” १६ सप्टेंबर २०२२ रोजी हिजाबच्या नियमावरून पकडलेल्या महसा जीना अमिनी या इराणी तरुणीचा तेहरानमध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला, आणि तेव्हापासून टोरोंटोतील इराणी मंडळींकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की त्याचे उत्तर सविस्तर लिहावे असे वाटले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एक इराणी बाई साठीच्या होत्या. दर १ जुलैला, कॅनडा दिनी, त्या न चुकता बाल्कनीत झेंडा लावत. त्यांचा थोरला भाऊ १९८८ च्या उन्हाळ्यात इराणी तुरुंगांत फाशी दिल्या गेलेल्या हजारो राजकीय कैद्यांपैकी एक होता. घरच्यांच्या हाती कपड्यांची पिशवी आली, देह आला नाही. तेहरानबाहेर खावरान येथे अशा अनेकांना निनावी सामूहिक खड्ड्यांत पुरले गेले आणि तेथे फुले घेऊन जाणाऱ्या आयांनाही हुसकावण्यात आले.

पहिल्या कित्येक भेटींत भावाचा विषय निघाला, की त्या घाईने मुलांची शिक्षणे, इथली रुग्णालये, भले शेजारी यांच्याकडे वळत. एकदा मी विचारले, “भावाला हाक काय मारायचात?”

“दादाश.”

“आमच्याकडे दादा म्हणतात,” मी म्हणाले. त्या हसल्या आणि मग बराच वेळ रडल्या. मी पाण्याचा पेलासुद्धा पुढे केला नाही. अशा वेळी काही न करणे हेच आमच्या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे, असे मी मानते.

“आई कशी रडायची?”

“न्हाणीघरात, नळ सोडून. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.”

“आणि तुम्ही?”

त्या थबकल्या. “मीही नळ सोडते. पण इथे कोणाची भीती आहे?”

त्या क्षणी मलाही उमगले, की ज्या देशाचे त्या रोज आभार मानत होत्या, त्याने दिलेली उघडपणे शोक करण्याची मुभा त्यांनी तीस-पस्तीस वर्षांत एकदाही वापरली नव्हती. दुःख ‘मागे टाका’ असा सल्ला मी कधीच देत नाही, कारण गेलेल्या माणसाशी नाते राखूनच माणूस सावरतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून असा प्रश्न पडणाऱ्यांना मी सांगते, की मृताचे नाव घरात मोठ्याने घ्या, त्याचा फोटो भिंतीवर लावा, मुलांना तो कोण होता ते सांगा. आणि रात्रभर फोनवर तिकडची दृश्ये पाहण्याऐवजी बातम्यांची एक वेळ ठरवून उरलेला वेळ आपल्यासारख्याच चार जणांबरोबर घालवा.

नंतरच्या एका भेटीला बाई ताटली घेऊन आल्या. त्यांच्याकडे मृताच्या नावाने वाटतात तो हलवा होता: खरपूस भाजलेले पीठ, केशर, गुलाबपाणी आणि वर चमच्याने उठवलेली नक्षी.

“शेजारच्या आजींनाही दिला,” त्या म्हणाल्या. “त्यांनी विचारले, कोणासाठी? मी दादाशचे पूर्ण नाव सांगितले.”