ड जीवनसत्त्वाचे थेंब: बाटलीवरचा आकडा आधी वाच

अगं, डॉक्टरांनी बाळाला थेंब लिहून दिलेत ना, मग सुरू करच. "अंगावर पाजतेस, मग वरचं कशाला?" असं घरात कोणीतरी म्हणेलच. आईचं दूध उत्तमच, पण त्यात ड जीवनसत्त्व फार थोडं असतं. म्हणून आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ जन्मल्यापासून वर्षभर रोज ४०० युनिट (बाटलीवर IU लिहिलेलं माप) द्यायला सांगतात. कमतरता राहिली तर हाडं मऊ पडतात, मुडदूस होतो.

खरी काळजी मापाची घे. सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. एकीत १ मिलीमध्ये ४०० युनिट, तर दुसरीत ८००. म्हणजे दुसरीतलं अर्धा मिलीच पुरे. केमिस्टने "तेच आहे, फक्त कंपनी वेगळी" म्हणून दुसरी बाटली हातात दिली, तर लेबलचा फोटो डॉक्टरांना पाठव आणि विचारूनच दे. ड्रॉपर त्याच बाटलीचा वापर, घरातला चमचा नको. मोठ्यांची ६०,००० युनिटांची पाकिटं बाळाच्या औषधांजवळ ठेवूच नकोस. मात्रा फार झाली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. उलट्या, बद्धकोष्ठ, दूध न पिणं सुरू होतं.

देताना बाळाचं डोकं जरा वर धर आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोड, थेट घशात नको. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नकोस.

खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही, हवे ते किरण काच अडवते. पावडरचं दूध चालू असेल तर त्यातही ड असतं, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाल.