दोघांच्या पहिल्या रॅप अल्बमात खंजिरी भजनाचं सॅम्पल (गाण्यात वापरायचा आवाजाचा तुकडा) कसं घ्यावं?

भाऊ, जुनं रेकॉर्डिंग कापू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं राहतो, शिवाय पेटी-टाळातून खंजिरी नीट सुटी निघत नाही. गावच्या भजनी मंडळातल्या वादकाला विचारून ताजी रेकॉर्ड करा. टिनाखाली नको, आवाज घुमतो. कापूस भरलेली खोली मिळाली तर सोनंच. फोन दीड हात दूर, जरा तिरपा. वेव्ह फाइल, 48 किलोहर्ट्झ, पातळी उणे 6 डेसिबलच्या आत, नाहीतर झांजा फाटतात. पावसाळ्यात कातडं उतरतं, आधी शेकून घ्या. 90 बीपीएमला (मिनिटाला 90 ठोके) चार ठोक्यांचा तुकडा 2.67 सेकंदांचा; तोच पुन्हा पुन्हा वाजवला की झाला लूप. जोडावर ‘टक्’ वाजलं तर लहर शून्य रेषेवर असेल तिथे कापा. झांजांची चमक रॅपमधल्या ‘स’वर चढते, म्हणून बोल चालू असताना लूपचा 6-8 किलोहर्ट्झचा पट्टा 3 डेसिबलनं उतरवा.